सिल्लोडसाठी बांधलेली गाठ

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मी आणि माझ्या नवऱ्याने मंडळ सोडले. सभागृहात जाऊन आम्ही मंडळाने दिलेली तसबीर आणि पितळी घंटा परत केली. त्या परत घ्यायला बसलेल्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणत. त्यांनी दोन्ही वस्तू फडक्यात गुंडाळल्या, बाजूला सरकवल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सिल्लोडची गाठ तशीच राहिली हं तुमची."

नवरा दाराशी चपला शोधत होता. त्याने ते ऐकले नाही. मी ऐकले.

मंडळाचे नाव देत नाही. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, म्हणून पुढे तेच लिहिते. मंडळाचे सभागृह एका वसाहतीच्या टोकाला होते. पत्र्याचे छत, आत निळ्या सतरंज्या. प्रमुखांना सगळे आबा म्हणत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते आणि फार हळू बोलत. त्यांनी कोणावर आवाज चढवलेला मी पाहिला नाही.

आम्ही तिथे कसे गेलो, हे सांगितले पाहिजे. लग्नानंतर आम्ही शहरात नवे होतो. नवऱ्याला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी त्याला कावीळ झाली. शेजारपाजारच्या बायकांनी आम्हाला महिनाभर पेज, ताक आणि उसाचा रस पोचवला. दवाखान्यात त्याच्याजवळ कोण बसणार, हेही त्याच ठरवत. त्या सगळ्या मंडळातल्या होत्या. तो बरा झाल्यावर आम्ही आभार मानायला सभागृहात गेलो आणि जात राहिलो. त्या मदतीबद्दल माझी आजही तक्रार नाही.

मंडळात बहुतेक गोष्टी विचारून करायच्या असत. फ्रिज घ्यायचा की नाही, मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, कोणत्या नातेवाइकाकडे जेवायचे. शहराबाहेर जाताना तर विचारावेच लागे. जकातनाका ही हद्द मानली जाई. नाक्याच्या पलीकडे जायचे असेल तर आदल्या संध्याकाळी आबांसमोर बसून कोणाकडे जायचे ते सांगायचे. परवानगी मिळाली की ते बाईच्या पदराच्या टोकाला, पुरुषाच्या रुमालाला गाठ मारत. परत आल्यावर ती गाठ त्यांनीच सोडायची. तोवर ते वस्त्र धुवायचे नाही. ज्यांची रोजची नोकरी नाक्याबाहेर होती, अशांच्या रुमालाला वर्षातून एकदाच गाठ मारली जाई. माझा नवरा त्यांतला होता.

गाठ न मारून घेता गेले, ती सुटली नाही किंवा दुसऱ्याने सोडली, तर काय होते, हेही ठरलेले होते. प्रवासाला निघालेल्याला काही होत नसे. ज्याला भेटायला निघालो, त्याच्यावर ते संकट येई.

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी मी सिल्लोडला जायचे विचारले. तिथे आई एकटी राहत होती. आबांनी होकार दिला आणि माझ्या फिकट जांभळ्या सुती साडीच्या पदराला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की सभागृहात कार्यक्रमाची तयारी आहे, हात कमी पडतात, जाऊ नका. मी गेले नाही. साडी घडी करून कपाटात ठेवली. नंतर आबा गाठ सोडायला विसरले, की मीच सोडवून घ्यायला गेले नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. काही महिन्यांनी, आबांनी कारखान्यातली बढती नाकारायला सांगितले तेव्हा, नवऱ्याने ती घेतली आणि आम्ही मंडळ सोडले. गाठ कपाटात होती.

मी औरंगपुऱ्यात एका दैनिकाच्या कार्यालयात उपसंपादक होते. माझ्याकडे तालुक्यांच्या बातम्या असत. त्या काळी बरेच वार्ताहर बातम्यांचे पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ देत आणि कार्यालयातला माणूस बसस्थानकावरून ते घेऊन येई. सिल्लोडचे पाकीट जळगावच्या गाडीने यायचे. कापसाचे भाव, मक्याची आवक, पाण्याचा टँकर उलटला, यात्रेत पाळणा अडकला. माझ्या माहेरच्या गावाची प्रत्येक घडामोड मला माहीत असे. त्या गावाला मी बरेच दिवस गेले नव्हते.

आमच्या मुख्य उपसंपादकांचा एक नियम होता. बातमीत 'त्याच दिवशी' असे शब्द आले की ते कागद परत करत. "दोन्ही दिवस तुम्हाला कोणी सांगितले?" असे विचारत. दोन्ही दिवस एकाच माणसाने सांगितले असतील तर ते शब्द काढायचे.

मंडळात गाठीचा पुरावा म्हणून एक घटना नेहमी सांगितली जाई. एक सदस्य न विचारता जालन्याला आईला भेटायला गेला आणि त्याच दिवशी आई पडून तिचे खुब्याचे हाड मोडले. मी ही गोष्ट निदान डझनभर जणांच्या तोंडून ऐकली होती. ज्याच्याबद्दल ती होती, त्याच्याकडून कधीच नाही. मंडळ सोडल्यावर पहिल्या हिवाळ्यात तो मला औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानाबाहेर भेटला. तो अजून मंडळात होता, तरी थांबला. मी सरळ विचारले.

"आई पडली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो मी," तो म्हणाला. "ती पडली म्हणूनच तर गेलो. विचारायला वेळ कुठं होता?"

"मग सभेत तुम्ही तसं सांगितलं का नाही?"

तो हसला. "आबांच्या समोर? तुम्ही सांगितलं असतं का, वहिनी?"

तो पातेल्याला कल्हई लावून घेऊन निघून गेला.

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितले. त्याला वाटले, प्रश्न मिटला. "झालं तर मग. रविवारी जाऊन ये आईकडे," तो म्हणाला. मी रविवारी गेले नाही. त्यानंतरच्या रविवारीही नाही. गाठीचा पुरावा खोटा होता, हे मला कळले होते. कपाट उघडताना खालच्या कप्प्याकडे बघायचे नाही, ही सवय मात्र तशीच राहिली. साडी धुवायला काढावी असे मनात आले की आईचे पाय डोळ्यांपुढे येत. ती न्हाणीत घसरते आहे, असे दिसे.

नवऱ्याला भीती वाटत नव्हती. त्याने आपला गाठीचा रुमाल स्कूटर पुसायला घेतला होता. एकदा त्याने सुचवले की सिल्लोडच्या आधी जवळचा नाका ओलांडून बघ. त्याच्या सुटीच्या दिवशी आम्ही स्कूटरवरून शेंद्र्याला गेलो. कारखान्याच्या फाटकासमोर टपरीवर चहा घेतला आणि परत आलो. जाताना जालना रोडवरचा नाका आला तेव्हा मी त्याच्या शर्टाला धरले.

परत आल्याबरोबर मी सिल्लोडला फोन लावला. आईकडे फोन नव्हता. शेजारी कापसाच्या व्यापाऱ्याचे घर होते. त्यांच्या बायकोला मी लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. ती भिंतीवरून हाक मारी आणि आई येई.

"काय गं, काय झालं?" आईने विचारले.

"काही नाही. बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? भाकरी थापत होते. तव्यावर सोडून आले."

"मग जा, करपेल."

"करपली की आता."

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा नाका ओलांडू लागले. कधी कामाने, कधी नुसतेच. प्रत्येक वेळी परतल्यावर फोन. आई तक्रार करू लागली. "तू रोज रोज काहून फोन करायलीस? गावात लोक म्हणतात, पोरीचं काहीतरी बिनसलंय नवऱ्याशी." खाला मागून ओरडायची, "अम्मा का हाल पूछती बेटी, और अम्मा गाल्यां देती!"

मकर संक्रांतीच्या आधी मी सिल्लोडला जायला निघाले. कोणाला सांगितले नाही, नवऱ्यालाही नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावची गाडी पकडली. हर्सूलचा नाका गेला. मी खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या सीटचा दांडा धरून बसून राहिले. फुलंब्रीला गाडी थांबली तेव्हा समोर पानटपरीवर नाणे टाकून बोलायचा लाल डब्याचा फोन दिसला. आई ठीक आहे ना एवढे विचारून पुन्हा चढू, असे ठरवून मी उतरले.

खालाने फोन घेतला. मी म्हटले, आईला बोलवा.

"अम्मा नई है बेटी. डाक्टर के पास गए वो. अब्बीच निकले."

"काय झालं?"

लाइन तुटली. दुसरे नाणे माझ्याजवळ नव्हते. टपरीवाल्याने सुटे दिले असते. मी मागितले नाहीत. माझी गाडी निघून गेली. पुढची सिल्लोडची गाडी आणि औरंगाबादची गाडी साधारण एकाच वेळी आल्या. मी औरंगाबादच्या गाडीत बसले. मी अर्ध्या वाटेवर आले आणि आई आजारी पडली. परत फिरले तर थांबेल. हा विचार मी तेव्हा शब्दांत केला होता, हे मला नीट आठवते. मी तेव्हा एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करत होते.

संध्याकाळी पुन्हा फोन लावला. आईच आली.

"डॉक्टरकडे कशाला गेली होतीस?"

"खालाच्या सुनेला नेलं होतं. तिला दिवस गेलेत, ओकाऱ्या थांबंनात. तिची सासू दमेकरी, पायऱ्या चढंना दवाखान्याच्या. मी गेले. तुला कोणी सांगितलं?"

मी सांगितले. फुलंब्रीपर्यंत आल्याचे आणि परत फिरल्याचेही. पलीकडे खालाचा रेडिओ वाजत होता.

"फुलंब्रीला येऊन माघारी गेलीस?" आई म्हणाली. "सोयरिक मोडली का तुझी माझ्याशी?"

तेव्हा मी गाठीबद्दल सांगितले. पहिल्यांदाच. वर्षश्राद्धाला का आले नाही, तेही. साडी कुठे आहे, ती का धुतली नाही, मोठ्या ताई काय म्हणाल्या. मी कार्यालयातून बोलत होते. टेबलावर सिल्लोडचे पाकीट फोडून ठेवलेले होते. बोलताना मी त्यातली एक बातमी दोनदा वाचली आणि ती कशाची आहे हे मला कळले नाही.

आई हसेल असे मला वाटले होते. ती हसली नाही.

"म्हणजे ते जे काय व्हायचं, ते माझ्यावर येणार?"

"हो."

"तुझ्यावर नाय?"

"नाही."

"मग त्या तुझ्या आबानं माझ्या जिवावर गाठ मारली, तवा मला इचारलं व्हतं का?"

मी पाकिटातले कागद सरळ केले.

"तू इचारलंस का मला? सगळं तर इचारून करत व्हतीस म्हणं तिकडं. फ्रिज इचारून, जेवण इचारून. जिचा जीव, तिला कोणी इचारलं नाय." ती थांबली. खालाला काहीतरी म्हणाली. मग पुन्हा मला, "मी सांगते, ये. अन् ते लुगडं घेऊन ये. माझ्यावरच येणार हाय ना ते? मग माझ्यापाशीच राहू दे. तुझ्या कपाटात काहून सडवतीस?"

मुख्य उपसंपादक दाराशी उभे होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारले, "घरी सगळं ठीक?" मी हो म्हटले. त्यांनी सिल्लोडच्या मजकुराची चौकशी केली. मी तो नव्याने वाचला. बाजार समितीची बातमी होती.

त्यानंतर मी गेले. साडी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतली. नवरा बरोबर यायला तयार होता, मी नको म्हटले. हर्सूल गेले, फुलंब्री गेली. फुलंब्रीला मी उतरले नाही, पण गाडी थांबलेली असेपर्यंत पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "गाडी लागती का माय?" आणि पदरातून लिंबू काढून दिले. मी ते सिल्लोडपर्यंत हुंगत राहिले.

आई दारातच बसली होती. वडिलांच्या तेराव्यानंतर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. ती बारीक झाली होती आणि एका कानात बाळी नव्हती. "आलीस?" एवढेच म्हणाली. मग माझ्या हातातून पिशवी घेतली, वर्तमानपत्र उलगडले, साडी बाहेर काढली. गाठ कुठे आहे ते बोटांनी चाचपून पाहिले.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

तिने साडी पुन्हा घडी केली आणि खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकली. पेटीला कुलूप लावले नाही. आम्ही येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. मी तिच्याकडे बघत होते. ती कशी चावते, ठसका लागतो का. तिच्या ते लक्षात आले.

"माझं तोंड काय बघायलीस? तुझं ताट बघ, माशी बसली."

खाला सुनेला घेऊन बघायला आली. सून माझ्याहून पुष्कळ लहान होती. खालाने माझ्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली आणि म्हणाली, "फोनवालीच आगई, अब फोन कोन करेगा?" आई म्हणाली, "करंल की. तिला सवय लागलीय. तुम्ही तिला फोनचं भाडं मागा." मी दुसऱ्या दिवशी परत आले आणि परतल्यावर फोन केला. आई बरी होती.

मी त्या वर्षी सिल्लोडला पुन्हा गेले, आणि पुढच्या वर्षीही. भीती एका दिवसात गेली, असे नाही. हर्सूलच्या नाक्याशी सीटचा दांडा धरण्याची सवय बराच काळ राहिली. पुढे जकात बंद झाली, नाक्यावरची खोली रिकामी पडली, तरी त्या जागी हात दांड्याकडे जाई. फोन मात्र आठवड्यातून दोनदा राहिला नाही. कधी विसरून जाई आणि दुसऱ्या दिवशी आठवे. आईने कधी पेटी उघडून दाखवली नाही आणि मी साडीबद्दल विचारले नाही.

एका थंडीत मी गेले तेव्हा आईने मला नवी गोधडी दिली. सिल्लोडकडे अजून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. धावदोरा बारीक होता, दोन बाजूंना वेगवेगळा. मी ती उलटून पाहिली. मधल्या पट्ट्यात फिकट जांभळी सुती साडी होती.

"ही ती साडी?"

"व्हय. चांगली व्हती. वाया काहून घालवायची?"

"आणि गाठ?"

"कापली. गुठळी व्हती ना अंगाखाली. टोचली असती."

"कधी?"

आईने डोके खाजवले. "आता काय सांगू? शिवायला घेतली तवा."

"शिवायला कधी घेतली?"

"औंदा का मागल्या साली... खालाचा नातू रांगत व्हता का चालत व्हता तवा, ते नाय आठवत." तिने मोठ्याने भिंतीपलीकडे विचारले. खालालाही आठवेना. ती म्हणाली, तिने कात्री दिली होती एवढे नक्की.

मी तो दिवस शोधून काढण्याचा प्रयत्न केला. आईला ताप आला होता तो आधी की नंतर, तिची गाय मेली ती कधी, माझा अपघात होता होता टळला तो कोणत्या महिन्यात. कशाचीच कशाशी सांगड बसेना. एकीने सांगितलेला दिवस दुसरी मान्य करीना. थोड्या वेळाने मी तो नाद सोडला. आई चुलीपाशी गेली होती. मी गोधडी अंगावर घेऊन पाहिली. ती थोडी आखूड होती.

"आखूड झाली," मी म्हटले.

"गाठीबरोबर पदराचं टोक गेलं ना," आई आतून म्हणाली. "पाय पोटाशी घे."

मी ती औरंगाबादला आणली. मंडळाचे सभागृह पुढे दुसऱ्या कोणी विकत घेतले. तिथे आता कोचिंग क्लास आहे. आबा कुठे गेले, याबद्दल दोन गोष्टी ऐकल्या आहेत. दोन्ही एकेका माणसाने सांगितलेल्या असल्याने लिहीत नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षे जगली. ती गेली तो मंगळवार होता. सकाळी चहा घेऊन ती अंगणात बसली आणि तिथेच गेली. खालाच्या सुनेने ते पाहिले आणि मला फोन केला. डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यावर कारण हृदयविकार असे आहे. फोन आला तेव्हा मी कार्यालयात होते. त्या दिवशी आणि त्याआधीचा सगळा आठवडा मी शहराबाहेर गेले नव्हते.